पांढऱ्या टाक्यांची पाकिटं

उस्तादच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. चव हॉटेलातल्या गिऱ्हाइकांच्या वाट्याला गेली, धार बायकोच्या.

स्टेशनासमोरच्या मोठ्या हॉटेलात तो सत्तावीस वर्षं मुख्य आचारी होता. हाताखाली तीस-चाळीस माणसं. त्याला नावानं हाक मारायची कुणाची टाप नव्हती, मालकसुद्धा ‘उस्ताद’ म्हणायचा. घरी मात्र त्यानं कधी चहाचं भांडंही गॅसवर चढवलं नाही. बायको रांधायची, हा टेबलाशी बसायचा, पहिला घास तोंडात टाकून डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा. निकाल एकाच शब्दाचा.

“अळणी.”

मीठ बरोबर पडलं तरी अळणी, जास्त झालं तरी अळणी. मिठाशी त्या शब्दाचा फारसा संबंधच नव्हता. तुझ्या हाताला चव नाही, तुला काही येत नाही, आणि मी कोण आहे ते विसरू नकोस, एवढं सगळं त्या तीन अक्षरांत मावायचं.

सुट्टीच्या दिवशी हॉटेलातले दोस्त जेवायला यायचे तेव्हा तर त्याला चेवच चढायचा. बायकोनं सकाळपासून खपून केलेलं पातेलं तो टेबलाच्या मधोमध ठेवायचा, प्रत्येकाच्या हाती एक चमचा द्यायचा आणि म्हणायचा, “हं, ओळखा, यात काय कमी आहे?” कुणी म्हणायचं मिरी, कुणी म्हणायचं लोणी. एकदा एकजण म्हणाला, “अक्कल!” तेव्हा उस्ताद हसून हसून खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. ती दारात डाव घेऊन उभी. तिलाही हसावं लागायचं. नाही हसलं तर ‘रुसूबाई’ म्हणून दुसरा खेळ सुरू व्हायचा.

एका अशाच दिवशी तिची आई आलेली होती. आईनं चमचाभर चाखलं आणि शांतपणे म्हणाली, “यात काहीच कमी नाही.” उस्तादनं हात जोडले. “सासूबाई, आता उलगडा झाला. रोग खानदानी आहे तर!” सगळं टेबल खदखदलं. म्हातारीनं चमचा खाली ठेवला. त्यानंतर ती चार वर्षं जगली, पण लेकीच्या घरी तिनं पाण्याचा घोटही घेतला नाही.

बायकोनं हे सगळं गिळलं. पण गिळलेलं पचतंच असं नाही.

ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर सदऱ्यांना बाह्या जोडायच्या, उजवी, डावी, उजवी, डावी. म्हणून तिथं सगळ्या तिला बाहीवाली म्हणायच्या. तिच्या हातची बाही कधी उसवली नाही अशी तिची ख्याती होती. घरी ही ख्याती कुणाला ठाऊक नव्हती.

उस्ताद पडला तो ऐन दुपारच्या गर्दीत, शेगडीपुढं, हातात झारा असताना. अर्धांगाचा झटका. उजवा हात आणि उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं. एकोणीस दिवसांनी घरी सोडताना डॉक्टरांनी बाहीवालीला बाजूला घेतलं.

“त्यांना कळतं सगळं. पण बोलण्याचा भाग दुखावलाय, शब्द सापडत नाहीत. अशा वेळी कधी कधी आयुष्यभर वापरून गुळगुळीत झालेला एखादाच शब्द मागं उरतो. तहान लागली तरी तोच येणार, दुखलं तरी तोच, बरं वाटलं तरी तोच. त्याचा अर्थ लावत बसू नका आणि मनाला लावून घेऊ नका.”

“कुठला शब्द उरलाय?” तिनं विचारलं.

डॉक्टर पलंगाकडं वळले. “काय उस्ताद, घरी जायचंय ना?”

उस्तादनं ओठांची चांगली बाजू हलवली, मान डोलावली आणि खरोखर खुशीत म्हणाला, “अळणी!”

नर्स फिसकन हसली. बाहीवाली म्हणाली, “मला सवय आहे.”

घरी आल्यावर खरी अडचण सकाळची होती. कारखान्याची बस सहा वीसला कोपऱ्यावर यायची. दहाला एक बाई यायची, ती अंग पुसून, दुपारचं भरवून संध्याकाळपर्यंत थांबायची. पण बाई येईपर्यंत उपाशी ठेवायचं नाही, औषधाआधी पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, आणि तेही मऊ, घशात न अडकणारं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पहाटे उठून शिजवत बसायला वेळ कुणाला?

जेवणाच्या सुट्टीत तिनं शेजारच्या मशीनवर बटणांची काजं करणाऱ्या काजवालीपाशी हे गाऱ्हाणं काढलं.

“एवढंच ना?” काजवाली म्हणाली. “रविवारी तासभर काढ, आठवड्याची ददात मिटेल. सुटे ओट्स आण. मोठ्या कढईत मंद आचेवर कोरडे भाज, करपवू नकोस. निम्मे मिक्सरमधून काढ, रवाळ. निम्मे तसेच ठेव. नुसतं पीठ घेतलंस तर खळ होते, नुसते अख्खे घेतलेस तर फुगत नाहीत. त्यात दूध पावडर, साखर, बेदाणे, थोडी दालचिनी. आणि मीठ. चिमूटभरच, पण त्याच्याशिवाय सगळं मातेरं. एका वेळचं एकेक पाकीट करून ठेव. सकाळी उकळतं पाणी ओतायचं, झाकण घालायचं, वेणी घालून होईस्तोवर तयार.”

“बाजारात तयार मिळतात की अशी.”

“मिळतात. मूठभर ओट्स आणि ओंजळभर जाहिरात.”

पहिल्या रविवारी तिनं मनापासून केलं, हे सांगितलंच पाहिजे. ओट्सचा भाजका वास घरभर सुटला. पलंगावरून उस्तादची नाकपुडी हलताना तिनं पाहिली. पाकिटांसाठी तिनं बटर पेपरचे चौकोन कापले, जुन्या मशीनला बोथट सुई लावली, कारण कागदावर चांगली सुई मरते, आणि तीन बाजू शिवून, आत मोजून मिश्रण घालून, चौथी बाजूही शिवून टाकली. चौदा पाकिटं. सात त्याची, सात तिची.

सोमवारी सकाळी वाडगा त्याच्या पुढ्यात ठेवून तिनं पहिला चमचा त्याच्या तोंडात दिला. त्यानं डोळे मिटले. तोंडात घोळवलं. गिळलं. आणि म्हणाला, “अळणी.”

त्याचा चेहरा कठोर नव्हता. ओठांची चांगली बाजू वर गेली होती. कदाचित त्याला ‘छान’ म्हणायचं असेल. कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच म्हणायचं असेल. पण कान तेच ऐकतात जे त्यांनी तीस वर्षं ऐकलं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. बसमध्ये खिडकीशी बसली की तिच्या डोक्यात ती तीन अक्षरं मशीनसारखी खटखटत राहायची.

दुसऱ्या रविवारी मिश्रण झालं, मिठाची बरणी तिनं उघडली, आणि चिमूट बोटांतच राहिली.

“अळणी म्हणतोस ना,” ती हळूच म्हणाली, “मग घे अळणी.”

लग्नाला तीस वर्षं झाली होती. नवऱ्याला तिनं ‘अरे-तुरे’ केलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. आपल्याच तोंडून ते ऐकून ती दचकली, आणि मग तिला बरं वाटलं.

मिश्रणाचे तिनं दोन भाग केले. आपल्या भागात मीठ घातलं, त्याच्या भागात नाही. अदलाबदल व्हायला नको म्हणून आपली पाकिटं लाल दोऱ्यानं शिवली, त्याची पांढऱ्या.

सोमवारी पहिला चमचा तोंडात गेला आणि उस्ताद थबकला. हात गेला होता, वाचा गेली होती, पण जीभ सत्तावीस वर्षांची उस्ताद होती, तिचं काही बिघडलं नव्हतं. त्यानं मान वर करून थेट बायकोकडं पाहिलं.

तिच्या हातचं खाताना त्यानं तिच्याकडं असं कधी पाहिलं नव्हतं.

“कळलं?” तिनं विचारलं. “ओळख बघू, यात काय कमी आहे?”

“अळणी,” तो म्हणाला.

“शाबास.”

पुढच्या रविवारी साखर गेली. त्याच्या पुढच्या रविवारी दालचिनी आणि बेदाणे. दर सोमवारी ती वाडगा घेऊन त्याच्यासमोर बसायची, पहिला चमचा द्यायची आणि त्याच्या चेहऱ्यावर नवं काय उमटतंय ते पाहायची. आता काय गेलं? ओळख. तो ओळखायचा, हे तिला दिसायचं. भुवई उंचावायची, नाकपुडी थरथरायची. चौथ्या सोमवारी त्यानं डाव्या हातानं शेल्फावरच्या मिठाच्या बरणीकडं बोट केलं. तिनं उठून बरणी काढली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, पलंगावरून नीट दिसेल अशी, पण हात पोचणार नाही अशी. मग पर्स उचलून ती बसला गेली.

त्या दिवशी तिनं रोजच्यापेक्षा वीस बाह्या जास्त जोडल्या.

संध्याकाळचं जेवण ती नेहमीसारखंच करायची, मीठमसाला घालून. तेच दुसऱ्या दिवशी दुपारी बाई त्याला भरवायची आणि स्वतःही खायची. तिथं काही करता येण्याजोगं नव्हतं, आणि तिला करायचंही नव्हतं. तिला उपाशी मारायचं नव्हतं त्याला. तिला फक्त सकाळची पंधरा मिनिटं हवी होती. शेवटी दूध पावडरही गेली आणि पांढऱ्या टाक्यांच्या पाकिटात नुसते ओट्स उरले. गरम पाणी ओतलं की राखाडी लगदा. तो खायचा. न खाऊन जाणार कुठं? कधी त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहायचं. पण डॉक्टरांनी सांगून ठेवलंच होतं की अशा आजारात डोळ्यांना पाणी येतं, त्याचा अर्थ लावत बसू नका.

अशात मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात शाळेत शिकवायची. शुक्रवारी रात्री येते, शनिवार-रविवार राहते म्हणाली. शनिवारी कारखाना चालू असायचा, म्हणजे सकाळी बाबांना तीच भरवणार. शुक्रवारी संध्याकाळी बाहीवालीनं पांढऱ्या टाक्यांची पाकिटं काढून मशीनच्या खोक्यात तळाशी ठेवली आणि डब्यात फक्त लाल टाक्यांची, पाच-सहा नवी शिवून, मांडली.

शनिवारी कामावरून परतली तर मुलगी दारातच. “आई, काय सुंदर करतेस गं तू ते! मी दोन खाल्ली. आणि बाबांनी किती खाल्ली माहितीय? तीन! खाताना रडत होते गं. मी आले म्हणून असेल.”

“असेल,” बाहीवाली म्हणाली. आत जाऊन तिनं चपला काढल्या. उस्ताद पलंगावर उशीला टेकून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता. त्यानं बायकोकडं पाहिलं आणि डाव्या हाताची तीन बोटं वर केली.

रविवारी सकाळी मुलगी अंघोळीला गेली तेव्हा तिनं मशीनच्या खोक्यातून एक पाकीट काढलं. करायलाच हवं होतं असं नाही. एक दिवस लाल टाक्याचं दिलं असतं तर काही आभाळ कोसळत नव्हतं. पण त्या तीन बोटांनी तिला रात्रभर झोप लागू दिली नव्हती.

मुलगी केस पुसत बाहेर आली आणि टेबलाशी बसली. तिच्यासमोरच बाहीवालीनं उस्तादला चमचा दिला.

त्यानं तो तोंडात घेतला आणि वाडगा डाव्या हातानं दूर सारला. “अळणी! अळणी!”

“बाबा!” मुलगी म्हणाली.

“असू दे गं,” बाहीवाली म्हणाली. “आजारी माणूस आहे.”

“असू दे काय? काल माझ्या हातून तीन पाकिटं खाल्ली, आणि आज तुझ्या हातून अळणी? पाकीट तेच, पाणी तेच!” मुलीचा आवाज चढला. “बाबा, मी लहान असल्यापासून हेच ऐकतेय. ती पहाटे उठते, तुमचं करते, कामावर जाते. आता तरी लाज वाटू द्या!”

उस्तादनं मान जोरात हलवली. मग त्यानं चमचा उचलला. लगदा भरून तो चमचा डाव्या हातानं, निम्मा सांडत, मुलीच्या तोंडापाशी नेला. चाख. त्याच्या डोळ्यांत दुसरं काहीही नव्हतं. एकदा चाख.

मुलगी गोंधळली. तिनं तोंड पुढं केलं असतं. पण तेवढ्यात बाहीवालीनं वाकून तो चमचा आपल्या तोंडात घेतला. मीठ नाही, साखर नाही, दूध नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखं ते तिनं चावलं, गिळलं आणि मुलीकडं पाहून हसली.

“छान गोड झालंय. बेदाणे थोडे कमी पडलेत, एवढंच.”

चमचा उस्तादच्या हातातून जमिनीवर पडला. मुलगी उठून खिडकीशी गेली आणि पाठमोरी रडायला लागली.

दुपारी निघायच्या आधी तिनं आईला स्वयंपाकघरात गाठलं. “आई, मी घरी बोलून आलेय. बाबांना मी नेते. तीन महिने, सहा महिने, राहतील तेवढे. आमच्याकडं खालची खोली रिकामी आहे, जवळच दवाखाना आहे. तू किती वाळलीस बघ. जरा माणसासारखी जग.”

दार उघडं होतं. पलंगावर उस्ताद ताठ झाला. चांगला पाय त्यानं पांघरुणाबाहेर काढून जमिनीला टेकवला, जणू आत्ताच निघायचंय.

बाहीवाली ओट्याला टेकून उभी राहिली. तिला वाटलं, हो म्हणावं. रिकामं घर, शांत सकाळ, आपल्या एकटीपुरता एक वाडगा. तीस वर्षांत एवढं सोपं दार कुणी उघडून दिलं नव्हतं. आणि तरी जिभेवर आलं ते वेगळंच.

“नको,” ती म्हणाली. “माणसानं आपल्या घरी असावं. त्यांच्या सवयी मला माहीत आहेत. तुझ्याकडं कोण करणार त्यांचं एवढं?”

मुलीनं तिला मिठीच मारली. “तुझ्यासारखी तूच गं आई.”

गाडी खाली आली. मुलगी बाबांच्या पाया पडायला वाकली आणि उस्तादनं डाव्या हातानं तिच्या कुर्त्याची बाही पकडली. अशी पकडली की तिला सरळ उभं राहता येईना. त्याच्या घशातून नुसताच आवाज येत होता, शब्द नव्हता.

“बाबा, येईन ना मी परत. दिवाळीच्या सुट्टीत... अहो बाबा, सोडा.”

बाहीवाली पलंगाशी बसली. “अहो, सोडा पोरीला, शिवण उसवेल,” ती मायेनं म्हणाली, आणि त्याची बोटं एकेक करून सोडवली. करंगळी, मग अनामिका, मग मधलं. अंगठा सगळ्यांत चिवट होता. त्याला जोर लावावा लागला.

त्या दिवसापासून उस्ताद गप्प झाला. सोमवारी पांढऱ्या टाक्याचं पाकीट फोडून तिनं पहिला चमचा दिला, “ओळख” म्हणाली. त्यानं गिळलं आणि पुन्हा तोंड उघडलं. भुवई हलली नाही, नजर वर आली नाही. आठवडाभर तसंच. बाईनंही सांगितलं, काका पाणी मागायलासुद्धा तो एक शब्द उच्चारत नाहीत. डॉक्टर म्हणाले, “होतं असं कधी कधी. आहे तेही जातं.”

पुढच्या रविवारी बाहीवालीनं मीठ घातलं. चिमूट जरा मोठीच. सोमवारी त्याच्या चेहऱ्याकडं डोळे लावून बसली. काही नाही. मग साखर घातली, दूध घातलं, बेदाणे घातले. काजवालीला विचारून सुकं सफरचंद बारीक चिरून घातलं, बदाम भरडून घातले. लाल दोरा, पांढरा दोरा, सगळं एकच झालं. तो खायचा, जसं ते राखाडी खायचा तसंच. दगडावर पाणी ओतावं तसं. भिंतीकडं बघत, एकसारख्या घासांनी, वाडगा संपेपर्यंत.

तिला वाटलं होतं तो पुन्हा एकदा तरी वर बघेल. रागानं, तिरस्कारानं, कसाही. एका सकाळी तिच्याच्यानं राहवलं नाही. दोन्ही हातांत त्याचा चेहरा धरून तिनं आपल्याकडं वळवला.

“अहो,” ती म्हणाली, “कसं झालंय?”

जन्मात हा प्रश्न तिनं त्याला विचारला नव्हता. विचारायची वेळच त्यानं कधी येऊ दिली नव्हती. त्याचे डोळे तिच्यावरून सरकून खिडकीकडं गेले. तिनं हात काढले तसा चेहरा पुन्हा भिंतीकडं वळला आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.

कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. उरलेलं तिनं भराभर भरवलं, हनुवटी पुसली, गोळी दिली आणि दार ओढून घेऊन ती जिना उतरायला लागली.